गोलातला आर

आये, तुझी तीन बोटं आता सरकारदरबारी नोंदली गेली. दाखला काल आला. मी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, तरी कुठेतरी काही चुकलंय असंच वाटत राहिलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची सरकारी कागदाची भीती जात नाही.

उरणच्या बाजारात तू मसाल्याच्या पुड्या घेऊन बसायचीस. एकदा एक बाई दुसरीकडचा भेसळीचा मसाला तुझा म्हणून परत घेऊन आली. तू भांडली नाहीस. वाटीत हळद कालवलीस आणि तीन बोटं बुडवून प्रत्येक पुडीवर उमटवलीस. मीही मदतीला हात बुडवतो, तर तू चापट मारतेस. "गप बस. तुझी बोटां कोन वलखतंय?" पुढे लोक येऊन तीन बोटांचाच मसाला मागू लागले.

तू गेल्यावर मी दुकान टाकलं, पाकिटावर बोटं छापली. बिस्किटाच्या पुड्यावर गोलात इंग्रजी आर पाहिला होता. मला वाटलं, आर म्हणजे रायगड. आपणही रायगडचेच, म्हणून मीही छापला, इतकी वर्षं. मग न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या दुकानांत दुसऱ्याच कुणाचा मसाला दिसला, वर तशीच तीन बोटं. ते पाकीट घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी माझंच पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हा आर कशाचा?"

"रायगडचा."

त्या हसू दाबत म्हणाल्या, "हा नोंदलेल्या ट्रेडमार्कचा. नोंदणी नसताना छापणं गुन्हा आहे."

मी पाकीट त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "मंग मीच आत जानार का?"

"आधी छापणं थांबवा आणि पाणी प्या."

मग त्यांनी सावकाश समजावलं. नोंदणी नसली तरी हक्क असतो, पण तो कोर्टात पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो: लोक ही खूण आपली म्हणून ओळखतात, समोरच्यामुळे फसतात, आपलं नुकसान होतं. नोंदणी झाली की दाखलाच पुरावा, आणि तो देशभर चालतो. फक्त दर दहा वर्षांनी नूतनीकरण विसरायचं नाही. अर्ज सरकारी पत्रिकेत छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. ते चार महिने पोस्टमन दिसला की मी दुकानात आत सरकायचो. कुणी हरकत घेतली नाही. आता त्या मसालेवाल्याला नोटीस जाईल.

अर्जात एक रकाना होता, खूण कधीपासून वापरता. मी म्हटलं, आईपासून. वकीलबाई म्हणाल्या, "मग ती तुमच्याकडे कशी आली ते दाखवावं लागेल. बहीण आहे ना? तीही वारस, तिची संमती आणा." मी म्हणालो, माझ्या दुकानापासूनच लिहा. म्हणून दाखल्यात बोटं माझ्यापासून सुरू होतात.

बहीण, आपली बाय, दोन गल्ल्या पलीकडे राहते. "दादूस, चाय घे आधी," म्हणत तिने सही केली असती, हिस्साही मागितला नसता. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. मसाला कुटायला तुझ्यासमोर दुसरं मुसळ घेऊन तीच उभी असायची. मी नव्हतो. ते तिच्या तोंडून ऐकावं लागू नये, म्हणून मी तिच्याकडे सही मागायला गेलो नाही.