विमानाने आलेली गिटार

डोंबिवली, ४ जुलै १९५४, रविवार
गिटार आणली! कल्याणच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन साहेब कायमचा विलायतेला चाललाय, त्याची. खोक्यावर 'हवाईयन' छापलंय. म्हणजे विमानाने आलेली. चाळीत दुसऱ्या कोणाच्या घरात विमानाने आलेली टाचणीसुद्धा नसेल. साहेब स्वतःच्या मांडीवर थापट्या मारत बरंच काही सांगत होता. लेकरासारखी जपा, असं असावं. खोक्यात एक गुळगुळीत लोखंडी कांडी निघाली. खोक्याचाच तुटका भाग. हिला दिली, चहाचं आलं ठेचायला.

७ जुलै
तारा पट्टीपासून बोटभर उंच. भारी मालाचं असंच असतं. दाबून दाबून बोटं सोलली. खालच्या मजल्यावरचा उत्तम हार्मोनियम वाजवतो. त्यात काय आहे? पट्टी दाबली की सूर. कोंबडीसुद्धा वाजवेल.

११ जुलै, रविवार
चाळीच्या गणेशोत्सवाच्या मीटिंगला गेलेलो. पाचव्या दिवशीचा अर्धा तास मागून घेतला. उत्तम गालात हसला. मग मीही सगळ्यांदेखत ठणकावलं, वाजवलं नाही तर या मंडळात पुन्हा तोंड दाखवणार नाही. घरी आल्यावर ही म्हणाली, एवढं कशाला बोललात? बायकांना इभ्रतीतलं काय कळतं.

१९ जुलै
डावं मनगट टम्म सुजलं. ऑफिसात फाईल उचलवेना. हेडक्लार्क म्हणतो, लिहायला उजवा हात लागतो. अरसिक माणूस. संकल्प: रोज एक तास रियाज, दुखलं तरी.

२० जुलै
अर्धा तास.

२१ जुलै
विश्रांती हाही रियाजच.

१ ऑगस्ट, रविवार
मानपाड्याला गेलेलो, राघोकडे. हाडं बसवतो. मनगट चाचपून म्हणाला, "हार नाय मोरलं." ड ला र म्हणतात हे लोक. मी म्हटलं, हार मी मानणारही नाही. विनोद कळला नाही त्याला. गिटार कशी उभी धरतो ते हातवारे करून दाखवलं, तर म्हणे आडवी ठेवा ना मांडीवर, मनगट सुटेल. घ्या! म्हशी पाळणारा माणूस मला गिटार शिकवणार. तेल चोळून घेतलं आणि निघालो.

९ ऑगस्ट
शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, दुपारी फार गोड वाजवता हो हल्ली. दुपारी मी ऑफिसात असतो. पण रियाजाचे सूर भिंतीत मुरतात, असं कुठेसं वाचलंय. आभार मानले.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदनाला सलाम उजव्या हाताने, म्हणून निभावलं. चहात आलं नाही. विचारलं तर ही म्हणते, कांडी सापडत नाही. घरात दोन माणसं, एक कांडी, तीही सांभाळता येत नाही.

२९ ऑगस्ट, रविवार
एकही गाणं बसलेलं नाही. नवा बेत: हाताला पट्टी बांधून स्टेजवर जायचं, दोन तारा छेडायच्या आणि उरलेला वेळ गिटारीवर भाषण. चाळीतल्या लोकांना एवढंच झेपेल. रात्री मात्र उत्तमचं ते हसू आठवत होतं.

३ सप्टेंबर
मनगट ठणकलं म्हणून लवकर घरी आलो. जिन्यातच आरती ऐकू आली, गिटारीवर! दार लोटलं तर ही पाटावर बसलेली, गिटार मांडीवर आडवी, हातात आल्याची कांडी. ती कांडी तारांवर सरकवत होती, आणि गिटार माणसासारखी गात होती. मला बघून ही घाबरली. कुणी शिकवलं, म्हणून दरडावलं.

"तुम्हीच सांगितलंत ना, साहेब मांडी थोपटत होता म्हणून."

मग हळूच म्हणाली, "तुमच्या अर्ध्या तासात मी वाजवू? मंडळात तुम्हाला तोंड दाखवता यायला हवं ना."

माझ्यासाठी एवढा विचार! दोनदा नाक शिंकरलं. सर्दी असावी. परवानगी दिली.

संध्याकाळी उत्तम भेटला. म्हणतो, हवाई हे बेट आहे, तिथली गिटार अशीच आडवी वाजवतात. मॅट्रिकला तीनदा बसलाय, भूगोल पाठ असणारच.

५ सप्टेंबर, रविवार
लाउडस्पीकरवर हिचं नाव पुकारलं. सौ. शालूताई. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी ते कधी मोठ्याने घेतलेलं नाही. मग पुकारलं, "शालूताईंच्या यजमानांनी कृपया जरा मागे सरकावं, उत्तमरावांची हार्मोनियम ठेवायची आहे." सरकलो. तिसऱ्या आरतीला सगळी चाळ उभी राहून गात होती.

शेवटी टाळ्या वाजवाव्या लागल्या, लोक बघत होते. चांगली पाच मिनिटं वाजवल्या. मनगट जराही दुखलं नाही.