पन्नासची अठरा चित्रं

८ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेली पस्तीस मिलिमीटरची लेन्स पोचली. खोका उघडायला मला दोन दिवस लागले. आत काही फुटलं असेल तर ते आजच कशाला कळायला हवं, असं वाटत होतं. काही फुटलेलं नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. माणूस एक, खिडकी एक, उजेड एक. आधी अठरा चित्रं पस्तीसने, मग लेन्स बदलून अठरा माझ्या जुन्या पन्नासने. माणूस म्हणून अक्का बसली. सख्खी थोरली बहीण, पण फोटोला बसायला चार दिवस भाव खाल्ला. पस्तीसच्या वेळी सारखी कुरकुर, की इतका जवळ येऊ नकोस, माझं नाक मोजतोस का. पन्नासच्या वेळी मात्र गुणी पोरीसारखी बसली, हसलीसुद्धा. ती अठरा उत्तम यायला हवीत.

काळजी एकच. हल्ली हात कापतो. या कॅमेऱ्यात दोन छाया दिसतात, त्या एकावर एक बसल्या की फोकस जुळला. त्या बसवताना बोटं डुगडुगतात. चाळीस वर्षं लेथवर याच बोटांनी केसाएवढा फरक ओळखला, म्हणून मनाला लागतं. चित्रं हललेली असतील तर स्पष्ट लिही. मग कॅमेरा तुलाच पाठवीन. चालवता येत नाही ते यंत्र कपाटात कोंडू नये. रोल सोबत आहे. पोस्टात तो कुणी तापल्या जागी तर ठेवणार नाही ना?

लोभ आहेच, त्याला उजेड लागू न देता जपावा.
आजोबा

१९ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि. रोल गार आणि खुशाल पोचला. आमच्या लॅबमध्ये मी स्वतः धुतला, कुणाला हात लावू दिला नाही. पस्तीसची चित्रं सुरेख आहेत. तिच्यात काय काय मावतं! अक्काआजी, खिडकी, दोरीवरचे टॉवेल, आणि कोपऱ्यात शेजारच्या काकांचा चपलेतला एक पाय. जवळून काढलेल्यांत नाक जरा पुढे आलंय, पण तो दोष लेन्सचा, तसं आजीला सांगा. प्रिंट सोबत आहेत. मला वाटतं, तुम्ही पस्तीसच वापरा.

इथे कामाचा डोंगर आहे, त्यात माझ्या टेबलाचा पाय मोडला. सध्या तो विटांवर उभा आहे. बाकी विशेष काही नाही. औषधं वेळेवर घ्या आणि माया पातळ करू नका.
ठकू

२६ फेब्रुवारी

चि. ठकूस अ. उ. आशीर्वाद. तुझं पत्र पाच वेळा वाचलं. टेबलाच्या पायाबद्दल दोन ओळी आहेत, पन्नासबद्दल अक्षर नाही. मी सातवीत शाळा सोडली, तरी एवढं वाचता येतं. पस्तीसमध्ये हाताची चूक खपते, पन्नासमध्ये नाही. अठराच्या अठरा हलली ना?

अक्काला प्रिंट दाखवले. नाकाचा दोष लेन्सचा म्हटलं, तर म्हणाली, नाक आपल्या बाबांचं आहे, बिचाऱ्या लेन्सवर ढकलू नकोस. पन्नासची कुठे आहेत, असं तिने विचारलं तेव्हा माझा अंदाज सांगितला. ती एकदम गप्प झाली आणि भाजी चिरायला लागली. अक्का गप्प बसते म्हणजे माझं दुखणं मोठंच असणार.

कॅमेरा पुसून, फडक्यात गुंडाळून दोन्ही लेन्ससकट खोक्यात ठेवला आहे. दहा तारखेला पेन्शन आणायला जाईन तेव्हा पोस्टात टाकीन. त्याला ओल लागू देऊ नकोस. महिन्यातून एकदा शटर नुसतं दाबून बघ, नाहीतर आखडतं. मी ठीक आहे. जेवण जरा कमी जातं, एवढंच.

आशीर्वाद खोक्यात चेपतील म्हणून इथेच देतो.
आजोबा

२ मार्च, जलद टपालाने

ती. आजोबांस सा. न. खोका आहे तिथेच राहू द्या! पन्नासचं एकही चित्र हललेलं नाही, कारण एकही आलेलंच नाही. निगेटिव्ह काचेसारखी कोरी आहे. लेन्स बदललीत आणि तिच्या तोंडावरचं झाकण काढायला विसरलात. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, तिच्या बाजूच्या इवल्या खिडकीतून बघतो, त्यामुळे झाकण असलं तरी सगळं लख्ख दिसतं. आमच्याकडे नावाजलेले फोटोग्राफरसुद्धा मान खाली घालून असे रोल आणतात.

मी लपवलं, कारण आपण आता विसरायला लागलो, हे तुम्ही मनाला लावून घेतलं असतं. तुम्ही त्याहून वाईट काहीतरी शोधून काढाल हे मला कुठे माहीत! रागवा, पण कॅमेरा पाठवू नका.
तुमची चुकलेली ठकू

१२ मार्च

चि. ठकूस पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र दारात उभ्यानेच वाचलं आणि पोस्टमनला सांगितलं, की माझ्या हाताला काही झालेलं नाही, मी फक्त मूर्ख आहे. त्याने अभिनंदन केलं. विसरण्याचं मनावर घेऊ नकोस. ऐन पंचविशीत मी सायकल बाजारात विसरून पायी घरी यायचो. वेंधळेपणा जुना सोबती आहे, भीती होती ती या नव्या पाहुण्याची.

अक्काला पुन्हा बसवायचं म्हणजे पाय धरावे लागणार, म्हणून घाबरत घाबरत सांगितलं. तर ती म्हणाली, झाकण तिला तेव्हाच दिसलं होतं. फोटो येणार नाही म्हणूनच ती निवांत हसत बसली! बहीण आहेस की वैरीण, असं विचारलं. त्यावर म्हणाली, तू खोका घेऊन उंबरा ओलांडला असतास तर सांगितलंच असतं, मला लाज वाटत होती रे. मग केस विंचरून आपणहून खिडकीशी बसली आणि आधी लेन्सचं तोंड तपासून घेतलं.

पन्नासने पुन्हा अठरा काढली. पस्तीसमध्ये टॉवेलही येतात, पन्नासमध्ये नुसती अक्का. मला दोन्ही लेन्स हव्यात. रोल सोबत आहे. मी छाया जुळवायचो, तेवढ्यात तिला हसू फुटायचं, की ती हलायची, मग मीही हलायचो. चित्रं हललेली निघतीलच, तसं लिही. फक्त ती तिच्या हसण्याने हलली की माझ्या हाताने, याचा निवाडा तू करू नकोस. त्यावरून आमचं रोज दुपारी भांडण होतं, आणि ते मला इतक्यात मिटवायचं नाही.

आता कॅमेरा मागू नकोस, लोभ हवा तेवढा माग.
आजोबा