दादरच्या सभागृहात उचललेली ओळ

लालबाग,
मे महिन्यातला दुसरा शनिवार

ती. रामदास भावोजी यांच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे लवूचा, वाकून नमस्कार.

आम्ही इथे सगळे घामाने निथळतोय, पण सुखरूप आहोत. तुमची खुशाली शेवंतीताई फोनवर कळवते, त्यामुळे मला जे कळतं ते सगळं तिच्या बाजूचं असतं. गुडघा बरा आहे, विहिरीला पाणी आहे, पायरीच्या आंब्यावर माकडं आहेत आणि तुम्ही फोनवर यायला तयार नाही, एवढं समजलं. दातांविषयी मी काही विचारत नाही. (विचारू नको, असं ताईने बजावलंय.) हल्लीच्या दिवसांत पत्र कसलं लिहितो हा, असं तुम्ही म्हणाल. पण मी जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता उतारवयात एखादं स्वतःचं लिहिलं तर टपाल खात्याची काही हरकत नसावी. शिवाय फोन तुम्ही ताईच्या हातात देऊन अंगणात निघून जाता. पत्र तुमच्या नावाचं आहे, ते तुम्हालाच फोडावं लागणार. आणि आधीच सांगून ठेवतो, या पत्रात मागणं काही नाही. नुसती हकिगत आहे.

तर झालं असं की अनुजाच्या ऑफिसात दादरच्या उन्हाळी संगीत महोत्सवाचे दोन पास आले. (अनुजा म्हणजे आमची सूनबाई. दीपकच्या लग्नात तुम्ही पाहिलंत तेव्हा ती गप्प गप्प होती. आता तसं नाही.) दीपकला गाडीच्या हॉर्नपलीकडे कुठलाच सूर कळत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचा पास माझ्याकडे आला. मला मात्र त्या महोत्सवाचं फार जुनं कुतूहल. दादरच्या पोस्टात होतो तेव्हा त्याची निमंत्रणं दर उन्हाळ्यात मीच घरोघर टाकायचो. ठरलेले जिने, ठरलेल्या पाट्या. एवढ्या उन्हात आपण ज्यांना बोलावणी नेऊन देतो ती माणसं तिथे जाऊन नक्की करतात तरी काय, हे बघायचं राहूनच गेलं होतं. पूर्वी तो ओळीने तीन दिवस चालायचा, सकाळचं गाणं सकाळी आणि रात्रीचं रात्री. आता मे महिन्याचे सगळे रविवार, तेही फक्त संध्याकाळी, आणि बारसं केल्यासारखं प्रत्येक रविवारला वेगळं नाव. निमंत्रण मोबाईलवर येतं. (म्हणजे पोस्टमनची गरज संपली. असो.)

गेल्या रविवारी आम्ही बाल्कनीत जाऊन बसलो. माझ्या शेजारचे गृहस्थ मी बघताक्षणी ओळखले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दारात कुत्रा. त्यांनी मला ओळखलं नाही. गणवेश नसला की पोस्टमनला कोणी ओळखत नाही. कुत्रा बरोबर असता तर त्याने ओळखलं असतं. पडदा वर गेला आणि सभागृहातले दिवे हळूहळू गुलाबी होत गेले, भोंग्यातून पाखरं किलबिलायला लागली आणि निवेदिकेने सांगितलं की आता सकाळ झाली आहे. सकाळी लोकांना यायला जमत नाही, तेव्हा सकाळचे राग यंदा संध्याकाळी गायले जातील. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, काय चाललंय हे, उद्या दिवाळी जूनमध्ये करतील. मी घड्याळात बघितलं, तर संध्याकाळच होती. पण खरं सांगू का, ते गाणं जरा वेळ ऐकल्यावर मला आपली अंघोळ व्हायची आहे असं वाटायला लागलं आणि चहाची तलफ आली. म्हणजे राग लागू पडला म्हणायचा की पाखरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते विचार करून ठेवा.

त्यानंतर एक पितळेचं वाकडं वाद्य आणि तबला समोरासमोर बसले. हा वाजवणार, तो उत्तर देणार, मग तो चिमटा काढणार आणि हा हसणार. मी आनंदाने शेजाऱ्यांना म्हटलं, ही तर आमच्या भजनातली डबलबारी. ते म्हणाले, जुगलबंदी. मी विचारलं, जिंकलं कोण? ते म्हणाले, यात कोणी जिंकत नसतं. मग एवढा वेळ कशासाठी वाजवलं, हे विचारणार होतो, पण अनुजाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. (ताई मला लहानपणी चौकशीची खिडकी म्हणायची, ते अनुजाला कोणीतरी सांगितलंय. संशय ताईवर.)

मग मृणालिनीबाई म्हणून एक गायिका बसल्या. पाव तास झाला तरी त्यांची एकच ओळ चालू. मला वाटलं, पुढची विसरल्या बिचाऱ्या. मग लक्षात आलं की तसं नव्हे, त्या ती ओळ घेऊन घराबाहेर पडतात, कुठल्या कुठल्या आळ्या फिरून येतात आणि समेला बरोबर उंबऱ्यावर हजर. (सम आपल्याला कळते. ती तुम्हीच माझ्या पाठीत थापा मारून शिकवलीत.) मला मजा वाटायला लागली. शब्द हिंदी होते, अर्थ निम्माच कळला, पण चाल तोंडात बसली. मांडीवर झांज कधी सुरू झाली ते कळलंच नाही. आणि एवढ्यात बाईंनी एक लांबलचक तान घेतली, खाली उतरल्या, ओळीचे पहिले दोन शब्द म्हटले आणि थांबल्या. त्या पाणी प्यायला थांबल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या घटकेला मला एवढंच कळलं की बुवांनी ओळ सोडली.

भावोजी, तुमच्या पाठीमागे भजनात कोरसला बसून माझं अर्धं आयुष्य गेलं. तुम्ही इथे लालबागला होता तोवर, आणि गावी गेलात त्यानंतरही दर गणपतीत. समोर दुसरे बुवा आपली माणसं घेऊन टपलेले, चहूकडून गर्दी, भिवाचा पखवाज तापलेला, आणि तुम्ही गजर चढवत न्यायचा आणि ऐन भरात ओळ सोडून द्यायचा. पहिल्या वर्षी मी आ वासून बघत राहिलो, तेव्हा पेटीवरून मान वळवून म्हणाला होतात, "ओळ सोडलंय ती काय जमनीर पडाक नाय. उचला तिका." ते हाडात भिनलेलं आहे. तेव्हा दादरच्या त्या थंडगार सभागृहात, जिथे लोक खोकतानासुद्धा रुमाल शोधतात, मी ती ओळ उचलली. मंडपाबाहेरच्या वडेवाल्यापर्यंत पोचते त्या पट्टीत, हात वर करून.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अख्खे माझ्याकडे वळले. अनुजा खुर्चीखाली काहीतरी शोधायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही. तबलजी हसला आणि त्याने सम दिली. मृणालिनीबाईंनी हातातला पेला तसाच खाली ठेवला, वर बाल्कनीकडे बघितलं, पुन्हा ओळ सुरू केली आणि बरोबर त्याच जागी सोडली. या वेळी मुद्दाम. मी रुमाल तोंडात कोंबून बसलो होतो. तर माझ्या मागून दोन बायकांनी ती उचलली. (मी मध्यंतरात चौकशी केली. एक भायखळ्याची, माहेर कुडाळकडचं. दुसरी वरळीच्या बीडीडी चाळीतली, वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत कोरसला बसायची. दोघी एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या.) तिसऱ्यांदा बाईंनी ओळ सोडली तेव्हा अर्धी बाल्कनी गात होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे ओठही हलताना मी पाहिले. ते कबूल करणार नाहीत.

मध्यंतरात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी मला हुडकत आली. नाव मेघना. आता पास काढून घेणार असं समजून मी 'चुकलं, माफ करा, पुन्हा होणार नाही' असं एका दमात म्हणून टाकलं. तर ती म्हणाली, "काका, सॉरी काय? मला ते परत पाहिजे. फुल ग्रुप घेऊन." महोत्सवात कोणी काय गायचं ते आता हीच ठरवते. पाखरं तिचीच. मी विचारलं, पाखरं कशाला? ती म्हणाली, "सकाळी ठेवलं की मोजके आजोबा येतात, त्यातले निम्मे झोपतात. मला लोक शिव्या घालतात, घालू देत. पण गाणं कोणी ऐकलंच नाही तर ते सकाळचं असून काय करू?" आमच्या गावच्या देवळातही आताशा भजनाच्या बारीला खुर्च्या किती रिकाम्या असतात, ते आठवलं. मग तिने विचारलं, तुमचे बुवा कोण? त्यावर मी जे बोलत सुटलो त्यात माझा वडा थंड झाला.

हात धुवायला गेलो तर बेसिनपाशी एक वयस्कर गवई उभे. रेशमी झब्बा, कानात अत्तर, मध्यंतरानंतर त्यांचंच गाणं होतं. त्यांनी शांतपणे तोंडातून कवळी काढली, धुतली आणि एका डबीत ठेवून डबी खिशात टाकली. भावोजी, दातांविषयी काही बोलायचं नाही असं ठरवून मी पत्राला बसलो होतो, पण इथे मला पुढे लिहावंच लागेल. गेल्या गणपतीत गजर ऐन रंगात असताना तुमची वरची कवळी निसटून पेटीवर पडली आणि समोरच्या बुवांनी त्यावर जागच्या जागी दोन ओळी जुळवून म्हटल्या. (त्या मी इथे देत नाही. तुम्हाला पाठ आहेत.) तेव्हापासून तुम्ही पेटी माळ्यावर टाकलीत, भजन सोडलंत आणि फोनसुद्धा सोडलात. तेव्हा मला त्या गवयांना विचारल्यावाचून राहवेना. म्हटलं, बुवा, तुम्ही ही काढून गाता? ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना लोकांनी घराण्याविषयी विचारलं असेल, हे कोणी विचारलं नसावं. पण माणूस दिलदार. म्हणाले, बोलताना लावतो, गाताना काढतो, नुसत्या आ-काराला दात लागत नाहीत. मी म्हटलं, आमच्या भजनात शब्द असतात हो. त्यावर ते चूळ भरून म्हणाले, मग शब्द कोरसला द्या.

नंतर ते गायले. शब्द बरेचसे सांडले, खोटं कशाला बोलू. पण कोणी ते वेचायला गेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि एसीचा त्रास होतो असं मला सांगितलं.

त्या दिवशी अनुजाला टॅक्सीत बसवून मी परळपर्यंत चालत आलो. मला चैन पडेना. घरी आल्यावर आपला जुना गजर म्हणायला बसलो, तर काय सांगू, मला पहिली अर्धी ओळ म्हणताच येत नाही. येते ती दुसरी अर्धी. अनुजा म्हणाली, बाबा, आधीचं कुठे गेलं? मी म्हटलं, ते बुवांचं. तुमच्यावाचून मला करमत नाही, असं मी तुम्हाला कधी म्हटलेलं नाही, आपल्यात तसं म्हणायची पद्धत नाही. पण गणपतीपासून माझ्यासमोर कोणी ओळ सोडलेली नाही आणि मला फार सुनं सुनं वाटतं. कोरसवाल्याला एकट्याने बसून काय करायचं असतं, हे कोणी शिकवलंच नाही.

असो. ताईला नमस्कार, माकडांना दगड मारू नका, गुडघ्याला तेल लावा. म्हटल्याप्रमाणे मागणं काही नाही.

आपल्या पाठीमागे बसणारा,
लवू

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. मेघनाने विचारलं होतं, तुमचे बुवा अजून गातात ना? माझ्या तोंडून 'गातात' असं निघून गेलं. त्यामुळे महोत्सवाच्या शेवटच्या रविवारी समारोपाला आता आपलं मंडळ आहे आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तुमचं नाव गेलेलं आहे. फोटो दीपकच्या लग्नातला दिला, फेटेवाला. त्यात तोंड मिटलेलं आहे.

ता. क. दुसरा. कवळी लावायची की काढायची ते तुम्ही ठरवा, झाकणाची डबी मी आणून ठेवली आहे. भिवाने सरावासाठी पखवाज खाली काढला आहे आणि त्याच्या डाव्या पुडीला रोज ताजी कणीक लावतो. पोळ्यांना कमी पडते अशी त्याच्या घरची तक्रार आहे. भायखळ्याची आणि वरळीची, दोघी कोरसला बसणार आहेत. समोर दुसरे बुवा नसतील. तिसऱ्या मजल्यावरचे असतील, पण ते आता आपल्या बाजूचे आहेत.

ता. क. तिसरा. यायचं नसेल तर तसं कळवा, माझा मुळीच आग्रह नाही. फक्त रागाच्या भरात पेटी बघायला माळ्यावर चढू नका, गुडघ्याला त्रास होईल. ती तिथे नाही. ताईने बुधवारी मुंबईच्या गाडीत बसवून ती माझ्याकडे पाठवली. भाता चांगला आहे, सूर लागतात. काल तिच्यासमोर आम्ही सगळे बसलो आणि एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तुम्ही फक्त पहिले दोन शब्द घेऊन या. पुढचं जमनीर पडाक देणार नाय.