ड्रायरला ओल कळेना

बाळकुम, ठाणे
१८ जून २०२५

चि. मालन हिस सगुणाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू हसत सुटतेस, म्हणून हे पत्र. तुझे दाजी गेल्यावर हितेशने बंगळुरूहून कपडे वाळवायचा ड्रायर पाठवला होता ना, तो रुसलाय. कपडे टाकले की थोड्याच वेळात गाणं म्हणतो आणि सगळं वाळलं असं दाखवून बंद होतो. हात घालावा तर पाणी निथळतंय! वेळ लावून चालवला, तर निळा गाऊन तुझ्या नातीला, सान्वीला बसेल एवढा झाला.

आमच्या टॉवरमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. सध्या दिवाणखान्यात दोरी बांधलीय, कुणी आलं की आधी माझ्या परकरांना भेटतं. हितेशला मात्र सांगू नकोस. तो आधीच म्हणतो की आई, तुला एकटीला जमत नाही, दिवाळीत घर विकू आणि इकडे ये. मला नाही गं जायचं. त्याला आयतं निमित्त मिळेल.

मशीनची पुस्तिका सोबत पाठवतेय. अक्षरं मुंगीएवढी आहेत, सुदेशरावांना वाचायला दे. तुम्हा सगळ्यांची आठवण काढणारी,
ताई

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२३ जून

ति. सगुणाताईस मालनचा सा. न. वि. वि.

आमच्या ह्यांनी पुस्तिका नाकाला लावून वाचली. दाराच्या आत, जाळीखाली धातूच्या दोन पट्ट्या आहेत. ओला कपडा दोन्हींना टेकला की मशीनला ओल कळते. पट्ट्यांवर थर चढला तर ओला कपडाही त्याला कोरडा वाटतो. सूनबाई पायल म्हणाली की हा कपडे मऊ करायच्या औषधाचा थर असणार. पण तू आणि मऊ कपडे? मग माझी ट्यूब पेटली. ताई, अजून गाऊनला पेजेची खळ घालतेस ना?

आई आपले गणवेशाचे पिनाफोर पेजेत बुडवायची, मिठागरावरच्या मुली म्हणून कॉन्व्हेंटमध्ये कुणी नाक मुरडू नये म्हणून. बाकावर बसलं की आपण करकर वाजायचो! तीच खळ आता पट्ट्यांवर बसलीय. आधी प्लग काढ, मग स्पिरिटचा कापूस हलक्या हाताने फिरव. नारळ खरवडल्यासारखं सुरीने खरवडू नकोस, मी ओळखते तुला.

काय झालं ते लगेच कळव. तुझ्या धाकाखालची,
मालन

बाळकुम
२८ जून

चि. मालन, आशीर्वाद.

खळच होती! लाटलेल्या पापडासारखा पातळ पापुद्रा निघाला. मग चादरी, पडदे, सगळं धुऊन आत टाकलं. खडखडीत वाळलं. आनंदाने एकटीच टाळ्या वाजवल्या.

काल मात्र माझे रोजचे दोन गाऊन आणि टॉवेल टाकला, तर पुन्हा तेच. पुस्तिकेची जी पानं तू परत पाठवलीस, त्यांत भिंग लावून शोधल्यावर सापडलं. कपडे फार थोडे असले तर ते पट्ट्यांना नीट टेकत नाहीत, मशीनला वाटतं आत काहीच नाही. वाचून जरा बसूनच राहिले. ह्यांचे चार सदरे असते तर भरलं असतं गं. साठवून ठेवावे तर या हवेत कपड्यांना कुबट वास येतो.

पुढच्या रविवारी, सहा तारखेला, हितेश व्हिडिओ कॉल करणार आहे. मशीन चालू करून दाखव म्हणालाय. रोज पडदे किती धुवायचे? काहीतरी सुचव.
तुझीच,
ताई

मानपाडा
१ जुलै

ति. ताईस सा. न.

एवढंच ना? मशीनला कपडे हवेत आणि आमच्याकडे कपड्यांचं गोदाम आहे. इथे गॅलरीत ह्यांचा शर्ट तीन दिवस नुसता लटकतो, सान्वीचा गणवेश इस्त्रीने वाळवावा लागतो. शनिवारी दोन मोठ्या पिशव्या घेऊन येते, मुक्कामालाच. आणि दर शनिवारी येणार. नको म्हणालीस तरी दारात उभी राहीन. जेवायला वालाचं बिरडं कर.

एकच अट, खळ नाही.
झोपायला उशी मात्र मऊ हवी, हे सांगून ठेवणारी,
मालन

बाळकुम
७ जुलै

चि. मालन, अनेक आशीर्वाद.

काल तू रिक्षात बसलीस आणि पाठोपाठ हितेशचा कॉल आला. तू ठेवून गेलेल्या दुसऱ्या पिशवीची खेप चालूच होती. मशीन बराच वेळ फिरत होतं, त्याने सगळं कान देऊन ऐकलं. नीट वाळल्यावरच थांबलं. मी दार उघडून दाखवलं. एवढे कपडे कुणाचे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरातले.

सुदेशरावांचा चौकटीचा शर्ट त्याने ओळखला असावा. हसला आणि म्हणाला की दिवाळीला तोच येईल, त्याचेही कपडे धुवावे लागतील. घर विकायचं नावही काढलं नाही.

त्याच पिशवीतला सान्वीचा एक पिनाफोर मात्र मी वेगळा काढला. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. हो, खळ घातलीय. पण ड्रायरला दाखवलासुद्धा नाही, दिवाणखान्यात दोरीवर वाळवला. चांगला उभा राहतोय.

शनिवारी सगळं घेऊन जा. वाल भिजत घालते.
वाट पाहणारी,
ताई