स्वतःसाठी आणि लेकींसाठी

१२ ऑक्टोबर, रविवार. फुनाबोरी.

लेक या रविवारीही क्योतोहून आली नाही. फोनवर मात्र उत्साह उतू चालला होता. "आई, आज एक नबातियन शिलालेख वाचला. अरबस्तानातल्या एका बाईने दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कबर कोरून घेतली, स्वतःसाठी आणि लेकींसाठी. परक्याला आत पुरलं तर शाप!"

"मेलेल्या बाईला बरा तुझा वेळ मिळतो."

"झालं तुझं सुरू!"

लहानपणीची कॉन्व्हेंट शाळेची शिस्त, म्हणून मी फोन आपटला नाही. स्वतःसाठी आणि लेकींसाठी. त्या बाईच्याही लेकी लांब होत्या का? मला मेल्यावर सोबत नको, आत्ता हवी आहे. उद्या सुनेला माझं क्योतोचं तिकीट काढायला सांगते. लेकीच्या खोलीत बसायला जागा नसली, तर तिची पुस्तकं उचलीन.