खाली माझं नाव

राहुरी,
१८ जानेवारी २०२५

आदरणीय सूर्यभानकाका,
सप्रेम नमस्कार.

फोन उचलत नाही तुम्ही, म्हणून घोडेगावच्या पत्त्यावर लिहितेय. काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे उसाचं गाळप जोरात आहे. तुमच्या जागी आता पुंजाराम असतो.

साहेबांनी मला एक कोडं घातलंय. कामातली माहिती एकमेकांना कळावी म्हणून कारखान्याने मोबाईलवर ॲप आणलं ना, त्यावर कुणी लिहीतच नाही. चांगलं लिहील त्याचा फोटो गेटवर लागतो, तरीही नाही. का? मलाही कुतूहल वाटलं. डबा खाताना एकेकाला गाठून विचारत सुटले.

मिलमधला वाल्मिक म्हणाला, "समदं लिवून टाकलं तर उद्या मला कोन इचारील?"

लॅबमधल्या पुष्पावतीताई म्हणाल्या, "चुकलं तर सगळ्यांसमोर हसं व्हायचं."

पुंजाराम मात्र डबा आवरायला लागला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, सूर्यभानभाऊंचं कसब कुनाच्या नावानं लागलं ते समद्यांना म्हाईत हाय. मंग कोन लिवनार?"

मी वही मिटली.

काका, पाकाचा थेंब काचेवर घेऊन साखरेचा दाणा धरलाय का हे कसं ओळखायचं, ते तुम्ही मला तीन हंगाम शेजारी उभं करून शिकवलंत. मी ते ॲपवर टाकलं. खाली माझं नाव. गेटवर माझा फोटो. तुम्ही स्वतःच्याच निवृत्तीच्या निरोप समारंभाला आला नाहीत, तेव्हा 'तब्येत बरी नसेल' असं सगळ्यांना मीच सांगत होते.

सोमवारी मी ॲपवर लिहिलं, 'ही पद्धत सूर्यभानकाकांची. मी त्यांचं नाव लपवलं.' साहेब चिडले. मला वाटलं, संपलं आता ॲप. पण मंगळवारी वाल्मिकने बेअरिंग बिघडतंय हे नुसत्या आवाजावरून कसं कळतं ते लिहिलं, आणि वर 'हे अमृतमामांनी शिकवलं'. कालपर्यंत चौदा जणांनी लिहिलं. बहुतेकांनी सुरुवातीलाच शिकवणाऱ्याचं नाव घातलंय!

माणसाला स्वतःचं नाव हवं असतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग हे काय? मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्ही मला का शिकवलंत, हेही मी कधी विचारलं नाही.

तुमची माहिती तिथे ठेवायची की काढायची, हे तुम्ही सांगा. पुढच्या रविवारी घोडेगावला येतेय. दारातूनच परत पाठवलंत तरी तक्रार नाही.

तुमच्याकडून शिकून तुमचंच नाव पुसणारी,
धनश्री