मासा सोडायचा म्हणजे

प्रिय समता,

सप्रेम जय भीम. माही शाळा तिसरीपर्यंतची, त्यातलंही अर्धं वर्ष नदीवर गेलं, म्हणून काना-मात्रा सुटला तर तूच लावून घेजो. तुहे आजोबा बाजूले बसून हरभऱ्याचं बियाणं निवडून राह्यले अन् मधूनमधून मान वर करून विचारतात, "एवढं काय लिहून राह्यली, घटना काय?" त्यांच्याकडं लक्ष देत नाही मी. गुडघा दुखते म्हणतात, पण चहा म्हटलं की माह्या आधी चुलीपाशी असतात.

मागच्या हिवाळ्यात तू अमरावतीवरून ती लांब लवलवती काठी घेऊन आली, तवा अर्धं वरवट गाव नदीच्या डोहावर पाह्यले आलं होतं. गळाले गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, नुसती पिसाची खोटी माशी. मी म्हटलं, मासे काय इतके येडे असतात? पण तू मनगटानं झटका दिला, दोरी डोक्यावरून सरसर गेली अन् ती माशी पाण्यावर अशी टेकली, जशी खरीच दमून बसली. समते, माह्या अंगावर काटा आला. माहेरी मी मायसंग रोज गळ टाकत होती. लग्न झालं अन् सुटलं, सासऱ्याले सुनेनं नदीवर बसलेलं आवडत नव्हतं. पन्नास वर्षांनी तू हातात काठी दिली. आता मी माश्या घरीच बांधते, गोधडीच्या दोऱ्यानं, आपल्या लाल कोंबड्याच्या मानेची पिसं घेऊन. कोंबडा मले पाहून भिंतीवर चढते.

जातानी तू समजावून गेली होती. आपण जिले खडशी म्हणतो तोच तुह्या पुस्तकातला महाशीर. डोहात म्हाताऱ्या खडशी आहेत, पण पिल्लू एकही दिसत नाही, असंच चाललं तर ही जात आपल्या नदीतून गेली समज. मले काम देऊन गेली, आजी, मासा धरला की वितीनं मोज, वहीत लिही अन् लगेच सोड.

आता तूच सांग बाई, माह्या जन्मात मासा सोडायचा म्हणजे कुठं सोडायचा? रश्श्यातच ना! मी इमानदारीनं मोजला, लिहिला अन् लगेच सोडला. पंधरा दिवसांनी तुहा फोन, आजी किती सोडले? म्हटलं तीन सोडले, एक लय मोठी होती, चुलीवरच्या गंजात मावेना, तिचे चार तुकडे करून सोडले. मले वाटलं रेंज गेली. मंग तू हसून राह्यली का रडून राह्यली, तेच समजेना. मीही हसली, पार डोळ्याले पाणी येईपर्यंत. पण तू हळूच विचारलं, त्या मोठीच्या पोटात अंडी होती काय? तवा माहं हसणं थांबलं. होती, माय. मीच तळून आजोबाच्या ताटात वाढली होती.

दुसऱ्या दिवसापासून पाण्यात सोडू लागली. आजोबा विचारतात, आज काय आणलं? मी म्हणते, दोन वीत चार बोटं. म्हणतात, मंग भाकरीसंग आज लांबी खायची काय? खा म्हटलं. पण खरं सांगू काय, ओल्या हातानं तिले धरायचं, तोंड धारेकडं करायचं, तिचे कल्ले उघड-मीट करतात, अन् मंग एकदम अशी जोरात जाते, की तो जोर हातात लय वेळ राहते. वरचा पर फाटलेली एक आहे, ती तीनदा आली. मले ओळखत असंल, तरी पिसाले फसते, बावळट.

उन्हाळ्यात नदी आटली, डोह तेवढा राह्यला अन् साऱ्या खडशी त्यात कोंडल्या. तवा आपल्या गावातला माणिकराव मासे मारायले विजेची वायर घेऊन आला. काठावरून म्हणे, काकू, भाईर निघा, करंट सोडायचा आहे. म्हटलं सोड बाप्पा, आजकाल सारेच सोडून राह्यले, पण मी गुडघाभर पाण्यात उभी आहे, माह्या मैताले पहिला खांदा तुलेच द्यावा लागंल. बसला मंग बिडी ओढत. चार दिवस हेच, तो यायच्या आधी मी पाण्यात. भीती वाटत होती, समते, पायही सुजले, पण निघाली असती तर पाच मिनिटांत सारा डोह पांढरा होऊन वर आला असता. पाचव्या दिवशी तोच म्हणे, काकू, एवढं काय आहे वो त्या पिसात? काठी दिली हातात. पहिल्याच झटक्याले माशी त्याच्याच टोपीत अडकली. ओरडला, लागला, मोठा लागला! म्हटलं, मोज. पण दोन दिवसांनी खरीच खडशी लागली. काठावर वरखाली पळून पळून माणूस घामानं भिजला, लेकरावानी हसत होता. हातात आली तवा माह्याकडं पाहून म्हणे, आता? म्हटलं, सोड. म्हणे, कुठं? पाण्यात बाप्पा, म्हटलं, पाण्यात. ती गेली तरी तो हात पाण्यात ठेवून तसाच बसला होता. ती वायर आता त्याच्या बायकोनं कपडे वाळवायले बांधली, अन् डोहात कोणी वायर आणली की पहिले माणिकराव आडवा होते. आठ-दहा जणं काठी शिकले. खामगाववरून रंगीत दोरा मागवावा लागला, अन् आपला कोंबडा मानेभवती पार उघडा पडला.

परवा फोनवर तू म्हटलं, महिना संपला की तुह्या कॉलेजचे सर अभ्यासाच्या यादीतून आपला डोह काढणार, जिथं पिल्लूच नाही तिथं अभ्यास कशाचा. मी नुसतं बरं म्हटलं अन् फोन ठेवला. अन् काल सकाळी उथळ पाण्यात, गोट्यांच्या मधात, बोटाएवढी पिल्लं पाह्यली. शेपटीपाशी काळा ठिपका, तू दाखवला होता तसाच. मोजायले बसली तर चाळिसापर्यंत जाते अन् ते जागा बदलतात, पुन्हा एकपासून. आजोबा म्हणतात फोटो पाठव, मिनिटात पोचते. माणिकराव तर फोन घेऊन धावतच आला होता. मी काढू दिला नाही. फोटो पाह्यला तर तू तिकडूनच लिहून मोकळी होशील, अन् हिवाळ्यापासून तू घरी आली नाही. आठ-पंधरा दिवसांत ते खोल पाण्यात जातील. ये, माय, तूच मोज.

तुझीच, पायाले अजून डोहाची वाळू लागलेली,
केसर आजी